पानावरची गोड आत्या

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार. आणि हात जोडून सांगते, रागवायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सुट्टीत तुझ्याकडे आले होते तेव्हा मी दुकानभर फोटो काढत फिरत होते. तू म्हणालीस, "शिलाई मशिनांचे फोटो कसले काढतेस? त्यांचं लग्न ठरवायचंय का?" तर ते कशासाठी होते ते आता कबूल करते. मी तुझ्या दुकानाचं इंटरनेटवर एक पान उघडलंय. आठ दिवसांत नऊशे लोक ते बघायला लागले आहेत. नऊशे! तुझ्या गल्लीत तेवढी माणसं राहत नसतील.

कारण तुला माहीत आहे. शिवणशाळेच्या ऐंशी मशिनांची देखभाल एकोणीस वर्षं तुझ्याकडे आहे, पण त्यांच्या नव्या मुख्य बाई या एप्रिलपासून नव्याने माणूस निवडणार आहेत. समोर ती मोठी सर्व्हिस कंपनी आहे. त्यांच्या पानावर जो तो बत्तीस दात काढून हसतोय. मुख्य बाई सगळ्यांची पानं बघतात, हे मला त्यांच्याच शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं. शाळेचं काम गेलं तर दुकान चालणार नाही, हे तुझंच वाक्य. आणि इकडे बाबा टपून बसलेत. वरची खोली त्यांनी तुझ्यासाठी रंगवूनसुद्धा घेतली. "एकतीस वर्षं पुष्कळ झाली, आता ताईने आराम करावा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

माझं काम काय आहे ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या ऑफिसात लोक आपला माल घेऊन येतात, साबण, पंखे, बिस्किटं, काहीही. आम्ही त्या मालाला स्वभाव देतो. साबण बोलला तर कसा बोलेल, पंखा विनोद करेल की नाही, हे आम्ही ठरवतो आणि मग त्याच्या नावाने रोज लिहितो. तुझ्या दुकानालाही मी स्वभाव दिलाय. मायाळू. फोटो मात्र फक्त तुझ्या हातांचे टाकलेत, कारण चेहऱ्याचे अकरा काढले आणि अकराच्या अकरांत तुझ्या कपाळाला आठ्या आहेत.

सोबत एक फॉर्म आहे, तीनच प्रश्न, तेवढे भरून पाठव. आणि एक विनंती: दुरुस्त केलेल्या मशीनला तू ज्या चिठ्ठ्या बांधतेस ना, त्या एप्रिलपर्यंत बंद ठेव. मागच्या वेळी एका बाईंच्या मशीनवर वाचली: "बिघाड नाही. तीन वर्षं तेल नाही. मशीनला दोष देऊ नये." आत्या, असं कोणी लिहितं का गं?

तुझी टकळी

१२ जानेवारी

टकळे,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग रागावले.

फोनवर बोलले असते, पण दुकानात तीन मशिनं चालू असतात आणि तुझा तोंडाचा पट्टा चौथा. कागदावर तरी मधे बोलता येत नाही तुला.

तुझा फॉर्म भरला. इथेच उत्तरं देते, उगाच पाकीट जाड नको.

तुमचा व्यवसाय माणूस असता तर कोण असता? मीच. एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणी शटर उघडलेलं नाही.

तीन शब्दांत स्वभाव सांगा. आधी मशीन आणा.

तुमच्याकडून जाताना ग्राहकाला काय वाटावं? मशीन चालतंय असं वाटावं.

आता तुझ्या नऊशे लोकांबद्दल. सोमवारी एक बाई आली आणि दारातूनच मला मिठी मारली. माझ्या हातात तेलाचा डबा. ती तेलात, मी तेलात. मग मागे सरून, माझ्या तोंडाकडे बघून म्हणते, "त्या गोड आत्या कुठे आहेत?" मी म्हटलं, त्या नाहीत, मी आहे, मशीनला काय झालंय? शेजारचा चष्मेवाला दारात उभा राहून पोट धरून हसत होता. त्याच्याकडे मोबाईल आहे, तो मला रोज तुझं पान वाचून दाखवतो. काल तू लिहिलंस की मी मशिनांशी गप्पा मारते. मी मशिनांशी गप्पा मारत नाही. मशीन काय म्हणतंय ते ऐकते, त्यासाठी गप्प बसावं लागतं.

चिठ्ठी बंद होणार नाही. काय बिघडलं, का बिघडलं आणि आपण काय केलं, हे ज्याचं मशीन त्याला कळायला हवं. माझ्या हातून काही चुकलं असेल तर तेही मी त्यात लिहिते. खाली कार्बन ठेवून लिहिते आणि नक्कल तारेत ओवून ठेवते. अशा सात तारा झाल्या. एवढ्या वर्षांत मी कधी खोटी चिठ्ठी लिहिलेली नाही, म्हणून लोक चिडतात आणि परतही येतात.

तुझ्या बाबाला सांग, खोली छान असेल, रंगही छान असेल, पण मी तिथे बसून भिंतीकडे बघणार नाही. मला शाळेचं काम हवंय. फार हवंय, हे तुला सांगायला लाज नाही. म्हणून पान राहू दे. फक्त त्यावर खोटं लिहू नकोस.

आत्या

३० जानेवारी

आत्या गं आत्या,

चार हजार झाले! ऑफिसात आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, "एका कळकट दुकानाला असा चेहरा दिला, याला म्हणतात काम!" कळकट हा शब्द त्यांचा, माझा नाही.

तुझ्या उत्तरांनी मी हसून हसून बेजार झाले. पण ती पानावर टाकता येणार नाहीत. आत्या, इथे आधी जवळीक लागते. लोक दिवसभर कुठे ना कुठे बोलणी खाऊन आलेले असतात. संध्याकाळी पान उघडलं की कोणीतरी "बाळा, दमलीस का?" असं विचारणारं त्यांना हवं असतं. तेवढं मी विचारते. त्यात खोटं काय आहे?

मुख्य बाईसुद्धा पान बघायला लागल्या आहेत. त्यांचं नाव यादीत दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले.

हो, एक तक्रार आली होती. पिशव्या शिवणारी एक बाई होती, तिने बरंच वाकडंतिकडं लिहिलं होतं. मी गोड बोलून मिटवलं, तिनेही लगेच बदामाचं चिन्ह पाठवलं. हे असं असतं बघ, थोडं नमतं घेतलं की काम होतं. तू त्यात डोकं घालू नकोस.

बाबांना मी सांगितलं की एप्रिलनंतर त्या खोलीत माझी पुस्तकं ठेवा.

टकळी

२१ फेब्रुवारी

टकळी,

शिवणशाळेचं पत्र आलं. माझं नाव यादीतून काढलं आहे. त्यातली एक ओळ जशीच्या तशी लिहिते. "आपल्या हातांच्या कंपामुळे काम बिघडल्याचे आपण स्वतः जाहीरपणे मान्य केले असल्याने, विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी आपला विचार करता येणार नाही."

मला काही कळेना. चष्मेवाल्याला बोलावलं. त्याने शोधून काढलं आणि वाचायला तयार होईना. मी दटावलं तेव्हा वाचलं. तू माझ्या नावाने त्या पिशवीवालीला लिहिलं आहेस: "बाळा, चूक माझीच गं. वय झालं आता, हात थरथरतात. या आत्याला माफ करशील ना?"

माझे हात थरथरतात हे तुला कोणी सांगितलं?

त्या मशीनची चिठ्ठी तारेवर आहे. काढून समोर ठेवली आहे. "घरगुती मशीन. यावर जाड कॅनव्हास शिवू नये. शिवल्यास शटल मोडेल." तिने कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या आणि सुईखाली दोरा फिरवणारं ते शटल मोडलं. माझी चूक नव्हती. तू मला एक फोन केला असतास तर मी तिचं मशीन, तारीख, सगळं सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. तुला वाटलं, माफी मागायला काय विचारायचं.

मी कोणाची माफी मागायला मागेपुढे पाहत नाही. पण ती माझी मी मागते.

परवा तुझ्या बाबाचा फोन होता. त्यालाही कोणीतरी सांगितलं. म्हणाला, "ताई, हात असे झाले होते तर आम्हाला आधी बोलायचंस." माझ्या सख्ख्या भावाचासुद्धा विश्वास बसला. फोन ठेवला आणि दुकानाला कुलूप घातलं. आज तिसरा दिवस.

आत्या

२५ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं.

सारवासारव करणार नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशीच शिकवतात, तक्रार आली की आधी माफी मागा, खरंखोटं नंतर बघा. मी तेच केलं. साबणासाठी करते, पंख्यासाठी करते. पंख्याला हात नसतात गं. तुला आहेत, आणि तुझं सगळं त्या हातांवर आहे, हे मला एका क्षणासाठीही सुचलं नाही. लाज वाटते.

आणखी एक गोष्ट लपवली आहे, तीही सांगून टाकते. ती गोड आत्या मी तुझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. एका बिस्किट कंपनीसाठी "मायाळू आजी" तयार केली होती, त्यांनी नाकारली. तीच मी झटकून-पुसून तुझ्या दुकानात बसवली. तुझ्या तोंडून चार हजार लोकांशी जे बोलत होतं ते एक नाकारलेलं बिस्किट होतं.

आणि खरं सांगू? ती लिहिताना मला मजा येत होती. लहानपणी मी पडले की सगळे जवळ घ्यायचे आणि तू म्हणायचीस, "उठ, काही झालेलं नाही." मला वाटायचं, आत्याने एकदा तरी जवळ घ्यावं. ती हौस मी पानावर भागवून घेतली. पण खरोखर हात मोडला होता तेव्हा सगळे रडत बसले आणि तू मला उचलून दवाखान्यात धावलीस, हे मी सोयीस्कर विसरले.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते माझ्यावर इतके ओरडले की आईला मधे पडावं लागलं.

आता काय करू? पान बंद केलं तर ती ओळ तशीच लोकांच्या डोक्यात राहील. मी खुलासा लिहिला तर म्हणतील, आधी खोटं लिहिलं, आता आणखी एक. तू सांगशील ते करते. पण दुकान उघड, आत्या. तेवढं कर.

टकळी

२ मार्च

टकळे,

दुकान उघडलं. तुझ्यासाठी नाही. एकीचं लग्नाच्या कपड्यांचं काम अडलं होतं, ती कुलपासमोर बसून होती.

रडून झालं असेल तर उठ.

सोबतचा कागद पानावर टाक. तू लिहायचं नाही, मी लिहिलंय. माझ्या अक्षरातलाच फोटो टाक. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. आणि त्या अकरा फोटोंपैकी एक टाक, कोणताही.

आत्या

(सोबतचा कागद)

या पानावर आजवर जी बाई बोलत होती ती मी नाही. ती माझी भाची. मुलगी चांगली आहे, काम चुकीचं केलं. मी तिला रागावले आहे, तुम्ही रागवायची गरज नाही.

माझं वय बासष्ट. माझे हात थरथरत नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी बारीकात बारीक सुई घेऊन दुकानात यावं, मी समोर दोरा ओवून दाखवीन.

पिशव्यांच्या मशीनचं शटल माझ्यामुळे मोडलं नाही. चिठ्ठीची नक्कल दाखवते आहे.

मी चुकतच नाही असं नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून तीन चुका झाल्या. एकदा एका मशीनच्या पोटात चिमटा विसरले. एकदा दोघींच्या मशिनांचे पट्टे अदलाबदल केले. आणि एकदा मी दुसऱ्याच कशाने तरी चिडलेली होते, तेव्हा एका बाईचं मशीन नीट न बघता भंगारात टाका म्हणून सांगितलं. तिने ते उचललं आणि काही न बोलता गेली. ते भंगार नव्हतं, हे मला तिची पाठ वळल्यावर कळलं. तिचं नाव-गाव माझ्याकडे नाही. ती हे वाचत असेल तर, बाई, माझं चुकलं.

मी गोड बोलत नाही. मशीन नीट करून देते. दुकान नऊ ते सहा.

१४ मार्च

आत्या!!!

काय सांगू आणि काय नको!

कागद टाकला. तासाभराने एका शिंपिणीने फोटो टाकला. तुझी चिठ्ठी! बावीस वर्षांपूर्वीची, पिवळी पडलेली, मशीनच्या खणात चिकटवून ठेवलेली: "सुई बदला. सुई म्हणजे वारसा नव्हे." खाली लिहिलंय, "या बाईंनी मला रडवलं होतं. मशीन अजून चालतंय." मग दुसरी आली. मग धडाधड. लोकांनी त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, आत्या! एकीने काचेत लावली आहे: "उंदराने दोरा खाल्ला. उंदीर पाळायचा असल्यास मशीन विकावे." एका म्हाताऱ्या शिंप्याची: "आपण चांगले शिवता. मशीन त्या मानाने वाईट स्थितीत आहे." त्याने लिहिलंय, आयुष्यात माझं कोणी केलेलं हे एकमेव कौतुक. तीनशे बारा चिठ्ठ्या मोजल्या, मग मोजायचं सोडलं. साठ हजार लोक झाले.

पिशवीवालीनेही लिहिलं. "मी कॅनव्हास शिवला होता. चिठ्ठी वाचली होती, वाटलं एवढ्यातेवढ्याने काय होतंय. चूक माझी."

आणि बस आता खाली. तुझी तिसरी चूक सापडली. ती बाई! तिने लिहिलंय, "ते मशीन मी दुसरीकडे नीट करून घेतलं, त्यावर तीन मुलांचे कपडे शिवले. तुम्ही चुकलात हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं हे आज कळलं. बरं वाटलं." मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडले. साहेबांनी पाणी आणून दिलं.

तेच साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ही खडूस आत्या म्हणजे सोनं आहे! रोज सकाळी एक ओरडा टाकू. पंपाच्या कंपनीलाही हाच स्वभाव विकू." लोकही रोज मागतात, आत्या आज कोणाला रागावल्या? तू म्हणशील तसं. मी या वेळी विचारतेय, बघ.

शाळेकडून मात्र अजून काही नाही. मैत्रीण म्हणते, मुख्य बाईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

टकळी

२० मार्च

टकळे,

पत्र दोन वेळा वाचलं. त्या तिसऱ्या बाईबद्दलचं चार वेळा. तिचा पत्ता मिळव, मला तिच्या मशीनला एकदा तेलपाणी करून द्यायचंय. आठवून सांगते, निळं मशीन होतं.

साहेबांना सांग, मी रोज सकाळी ओरडत नाही. काही बिघडलेलं समोर आलं तर ओरडते. उठल्या उठल्या कोणावर ओरडू? आणि माझा स्वभाव पंपाला विकायचा नाही. पंपाला हवा असेल तर त्याने एकतीस वर्षं दुकान चालवावं.

शाळेचं पत्र काल आलं. लिहितात, "आपला खुलासा वाचला. आपल्याला बोलावणे थांबवले, त्यानंतर गेला महिनाभर आमची मशिनं दोरा तोडत आहेत. कंपनी व आपण, दोघांनाही एकच मशीन दाखवू. जो खरं कारण सांगेल त्याला काम." चार एप्रिल, सकाळी दहा.

हत्यारं पुसून ठेवली आहेत. पुसायची गरज नव्हती.

आत्या

२७ मार्च

आत्या,

साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तुला धंदा कळत नाही. मी म्हटलं, आत्या कळते. पंपाचं काम दुसऱ्याला दिलं, देऊ देत. तिसऱ्या बाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

चार तारखेसाठी मी एक पानभर सूचना लिहिल्या होत्या. मुख्य बाईंशी कसं बोलायचं, कुठे हसायचं, काय टाळायचं. मग तो कागद फाडला. तू जशी आहेस तशी जा.

बाबा विचारत होते, ताईला सोबत येऊ का. मी सांगितलं, बाहेर बाकावर बसणार असाल आणि तोंडातून अवाक्षर काढणार नसाल तर विचारून बघते.

टकळी

४ एप्रिल

टकळे,

हात न धुता लिहायला बसले आहे, कागदावर डाग पडतील.

शाळेच्या मोठ्या खोलीत मधोमध एक मशीन ठेवलं होतं. सभोवती चाळीस मुली, शिक्षिका, मुख्य बाई. तुझा बाबा बाहेर बाकावर, तुझ्या आज्ञेप्रमाणे मुका. आधी कंपनीचे दोघे. छान इस्त्रीचे कपडे, छान बोलणं. त्यांनी मशीन उघडलं, दिवा लावून बघितलं, आणि म्हणाले, "शटल झिजलं आहे. मशिनं जुनी झाली. ऐंशीच्या ऐंशी बदलावी लागतील." मुलींचे चेहरे उतरले.

मग मी. चार टाके घातले आणि ऐकलं. शटलचा आवाज स्वच्छ होता. दोरा तुटत होता तो खालून, खालच्या दोऱ्याची रिळासारखी बॉबिन अडकत होती म्हणून. ती काढली आणि माझ्या पिशवीतल्या बॉबिनीशेजारी ठेवली. दिसायला जुळ्या बहिणी, पण शाळेची केसभर उंच. आपल्या खोबणीत ती घासत होती. माझी घातली आणि एका दमात लांब शिवण मारली. दोरा तुटला नाही. मुलींपैकी कोणीतरी "अय्या" म्हणाली.

"या बॉबिनी कोणी घेतल्या?" मी विचारलं.

एक शिक्षिका मला डोळ्यांनी खुणावत होत्या, सोडून द्या, सोडून द्या. तेवढ्यावरून कळलं. मुख्य बाईंनी घेतल्या होत्या, पाचशेचा एक खोका, स्वस्त मिळाल्या म्हणून, हे नंतर समजलं. ज्यांच्या हातात माझं काम होतं त्यांचीच चूक निघाली. टकळे, खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं की नुसतं "बॉबिन बदला" म्हणावं आणि घरी जावं. कोणी घेतल्या ते कशाला बोलायचं? तुझ्या बाबाची ती रंगवलेली खोली डोळ्यासमोर आली. रंग कोणता आहे हेही मला माहीत नाही, तरी आली.

मग चिठ्ठी काढली, खाली कार्बन घातला आणि लिहिलं: "मशीन निर्दोष. शटल निर्दोष. बॉबिन चुकीची घेतली. खरेदी करणाऱ्याने मोजून घ्यावी." लिहिताना माझा हात थरथरला. तूच वाचते आहेस म्हणून सांगते. मशीनवर नाही थरथरला, चिठ्ठीवर थरथरला. अक्षर वाकडं आलं, पण तशीच बांधली.

मुख्य बाई पुढे आल्या. चिठ्ठी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. वाचून झाल्यावर मुलींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बॉबिनी मी घेतल्या. मोजल्या नाहीत. चूक माझी आहे." बस, एवढंच. "वय झालं" नाही, "कामाचा ताण" नाही, "माफ कराल ना" नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. जुन्या फेकल्या नसतील तर आणा, दुपारपर्यंत मशिनं चालू करून देते." त्यांनी माझा हात हातात घेतला, काळाकुट्ट तेलकट हात, आणि सोडेचनात. कंपनीचे दोघे कधी गेले ते मी बघितलं नाही.

जुन्या बॉबिनी कपाटात होत्या. मी बदलायला लागले तर मुली भोवती जमल्या. एक म्हणाली, मला दाखवा. मी म्हटलं, बघून येत नाही, बस आणि कर. तिने चुकीची बसवली, मी रागावले, तिने परत बसवली. मग दुसरी. दुपारपर्यंत ऐंशी मशिनं चाळीस मुलींनी स्वतः चालू केली, दुसऱ्या वर्गातल्या चाळीस जणीही येऊन बसल्या आणि सगळी एकदम सुरू झाली तेव्हा असा आवाज झाला, टकळे, की माझा ऊर भरून आला. शाळेत मी सुट्टीच्या दिवशीच जायचे, इतक्या वर्षांत एका वेळी तीनच ऐकली होती.

मुख्य बाईंनी तिथेच उभ्या उभ्या कागद केला. मशिनांचं काम माझं, पाच वर्षांसाठी. आणि दर बुधवारी दुरुस्तीचा वर्ग, तोही माझा. मी म्हटलं, मी गोड शिकवत नाही. त्या म्हणाल्या, "गोड शिकवणाऱ्या आमच्याकडे सहा जणी आहेत. मशीन कोणालाच उघडता येत नाही."

पानावर हे सगळं तू लिही. माझ्या नावाने नाही, तुझ्या नावाने. खाली लिही, लिहिणारी: भाची. तू बरं लिहितेस. पत्रं तर फारच बरी लिहितेस, एवढी वर्षं सांगायचं राहून गेलं.

तुझा बाबा दुपारपर्यंत त्या बाकावर बसून होता. ऐंशी मशिनांचा आवाज त्यानेही ऐकला. मी बाहेर आले तर माणूस चक्क रडत होता. म्हणाला, "ताई, खोलीचं काय करू?" मी म्हटलं, तुला हवं ते कर. मी येत नाही. बुधवारी वर्ग आहे.

आत्या